बारा सेंट पाणी

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. भात खळ्यावर आलं होतं, आभाळात औषधालाही ढग नव्हता, आणि तरी सकाळी आठ वाजता देवराम मास्तरनं अंगणातल्या पर्जन्यमापकाचं नरसाळं उचललं तर आत पाणी. त्यानं ते काचेच्या मापात ओतलं आणि डोळ्यांसमोर धरलं. बारा सेंट. इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले बारा, म्हणजे अंगणातली धूळ जेमतेम बसेल एवढा पाऊस. धूळ तर बसली नव्हती. कोंबड्या तिच्यात मजेत लोळत होत्या.

"गोजा, या डब्यात पाणी ओतलंस काय?" त्यानं बायकोला विचारलं.

"मला दुसरी कामं नायत?" गोजाबाई आतूनच म्हणाली. "झऱ्यावरनं हंडा आणताना कंबर मोडते माझी, आन मी तुझ्या डब्याला पाणी पाजू?"

ते खरंच होतं. देवरामनं मापातलं पाणी कुंपणाजवळच्या मिरचीच्या रोपाला ओतलं, वहीत पेन्सिलीनं बारीक आकडा टाकला आणि तो शाळेला निघाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा सेंट निघाले आणि तिसऱ्या दिवशीही बाराच.

देवराम जव्हार संस्थानच्या शाळेत मास्तर होता. जव्हारहून मोखाड्याकडे जाताना दोन कोसांवर त्याचा पाडा. वडिलांनी नाचणी पिकवली, आजानं नाचणी पिकवली, आणि देवरामनं त्याच उतारावर हवामानाचं ठाणं उभारलं. शाळेत कुठूनशी एक पुस्तिका आली होती, तिनं त्याचं डोकं फिरवलं. जव्हारच्या तांबटाकडून त्यानं पावसाचा डबा घडवून घेतला. रॉकेलचा डबा कापून पत्र्याचा मासा केला आणि वाऱ्याची दिशा दाखवायला तो बांबूवर चढवला. मासा बांबूवर कशाला चढेल, यावर पाड्यातल्या म्हाताऱ्यांनी महिनाभर डोकं चालवलं. तापमापकासाठी सागाच्या पट्ट्यांची चार पायांची पेटी ठोकली, तर शेजारच्या बुध्याच्या आईनं तिला कोणतासा देव समजून शेंदूर फासला आणि एका कोंबडीनं आत दोनदा अंडी घातली. देवराम चिडायचा, पुसायचा, अंडी बाहेर काढायचा. हटत मात्र नव्हता.

सगळ्यात मोठी फजिती केली ती हवेचा दाब मोजणाऱ्या यंत्रानं. मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेलं ते पितळी यंत्र, एकच काटा असलेलं. पाड्यात सगळे त्याला मास्तरचं घड्याळ म्हणत. तबकडीवरच्या इंग्रजी शब्दांवर देवरामनं मराठी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, वादळ, पाऊस, पालट, उघाड अशा. काटा पहिल्या दिवसापासून जो वादळावर जाऊन बसला, तो हलेचना. चैत्राच्या उन्हात डोक्यावर फडकं घेतलेली माणसं अंगणावरून जाताना हाक घालायची, "मास्तर, आलं काय वादळ?"

त्यांच्यात सगळ्यात मोठ्यानं हसायची ती त्याची बहीण सुकरी. देवरामहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली म्हणून तिनंच त्याला वाढवलं, पाठीला बांधून नाचणी लावली, शाळेत धाडला. पुढं नवरा गेल्यावर लेकीला, पोशीला, घेऊन ती माहेरी आली ती इथंच राहिली. तिच्या डाव्या पायाला चारच बोटं होती. लहानग्या देवरामसाठी आवळीची फांदी तोडताना कोयता पायावर पडला होता. "एक बोट खाल्लंस माझं," असं ती त्याला अजून चिडवायची.

काटा वादळावर का बसतो ते पुस्तिकेत सापडलं. जव्हारसारख्या उंच जागी हवा विरळ, म्हणून काटा खाली राहतो. यंत्रामागचा मळसूत्री खिळा फिरवून काटा मुंबईच्या आकड्याशी जुळवा, असं लिहिलं होतं. मुंबईचा आकडा वर्तमानपत्रात यायचा. आषाढातल्या एका दिवशी देवरामनं शाळेतला अंक घरी आणला, आकडा बघितला आणि खिळा फिरवला. काटा डुलत डुलत उघाडीवर आला. पुढच्या महिन्यात दोनचार अंदाज बरे जुळले. लोक बाजाराला निघण्याआधी विचारायला येऊ लागले. देवरामच्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि खरं सांगायचं तर सुकरीच्या अंगावर दोन मुठी.

भाद्रपदात निरोप आला, पोशीला मुलगी झाली. पोशी ओढ्यापलीकडे मोखाड्याच्या अंगाला दिली होती. सुकरीनं नाचणीचं पीठ, सुंठ, जुन्या लुगड्याची मऊ फडकी असं गाठोडं बांधलं आणि अंगणात येऊन थबकली. चार दिवस पाऊस नव्हता. पण मोखाड्याकडचं आभाळ काळं झालं होतं.

"देवा, तुझं घड्याळ काय म्हनतं? मला त्या अंगाचं आभाळ बरं दिसत नाय. उद्या जाऊ का?"

देवराम आत गेला, काचेवर टिचकी मारली, बाहेर आला. "उघाड आहे बाय. बिनघोर जा."

"तू म्हनतोस तर जाते," ती म्हणाली आणि गेली. गोजाबाई शेतात होती. अंगणात त्या दोघांखेरीज कोणी नव्हतं.

ओढा वरून भरून आला तो दुपारी. सुकरी सापडलीच नाही. खाली कोसभरावर करंजाच्या मुळात गाठोड्याचं फडकं तेवढं अडकलेलं मिळालं.

सगळे म्हणाले, सुकरी पहिल्यापासून हट्टी. पोशी तान्ह्या पोरीला पदराखाली घेऊन रडत होती. "यक दिस थांबली असती तर काय झालं असतं? कोनी सांगलं हुतं तिला त्या पान्यात घुसायला?" देवराम तिच्यासमोर हातभर अंतरावर उभा होता. उत्तर त्याच्या तोंडात होतं. पण त्याची जीभ उचलली नाही. त्या दिवशी उचलली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त जड झाली, आणि महिन्याभरानं ती गोष्ट सांगायची वेळच निघून गेली, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

पाण्यात गेलेलं माणूस त्या पाड्यात आपोआप घरी येत नाही. त्याला हाकारावं लागतं. घरच्या माणसानं ओढ्याचं पाणी मडक्यात घ्यायचं, नाव घेऊन हाका मारत घरी यायचं, मागं वळून बघायचं नाही. पाणी उंबऱ्याशी ठेवलेल्या परातीत ओतायचं आणि कोंबडी सोडायची. कोंबडी प्याली की माणूस आलं, मग त्याला घरातल्या जुन्या माणसांशेजारी जागा. सुकरीला हाकारायची वेळ आली तेव्हा देवरामनं तापाचं निमित्त केलं. चुलतभाऊ मंगळू गेला. कोंबडीनं परातीकडे बघितलंसुद्धा नाही.

पाड्याच्या भगतानं, लाडक्यानं, सुपात दाणे टाकून बघितले आणि मान हलवली. "जेनं तिला जा म्हनला, तेनंच ये म्हनाया पायजे. तिला आनिक कोनाची हाक ऐकू जात नाय. फुडला पाऊस पडाया आगुदर हाकारा. नवा पानी आला का ती जाईल दर्याला, मंग कोनाचीच नाय." सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. सुकरी आपली आपण गेली होती, असं सगळ्यांना वाटत होतं. देवराम आपल्या नखांकडे बघत होता.

आणि दिवाळीनंतर हे पाणी सुरू झालं.

देवरामनं डब्याभोवती करवंदीचे काटे रचले. मग तांबटाकडून झाकण करून आणून नरसाळ्यावर कुलूप घातलं. सकाळी कुलूप जसंच्या तसं, आत बारा सेंट. शेवटी त्यानं चुलीतली राख चाळून अंगणभर पसरली. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून बाहेर आला. राखेत ओली पावलं होती. ओढ्याच्या वाटेनं आलेली, डब्यापाशी थांबलेली, तिथून थेट घराच्या उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्यावर दोन पावलं शेजारीशेजारी, कोणी बराच वेळ उभं राहावं तशी खोल. मग माघारी. डाव्या पावलाला चार बोटं.

गोजाबाई उठायच्या आत त्यानं खराट्यानं राख झाडून काढली. ती रोज दारापर्यंत येत होती. आत ये म्हणणारा आत झोपलेला होता.

त्या दिवशी शाळेला न जाता त्यानं जुनी वही काढली. सुकरी गेली त्या तारखेसमोर त्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'पाऊस बारा सेंट. काटा उघाड.' सगळा पाऊस वर मोखाड्याकडे पडला होता, त्याच्या अंगणात एवढाच शिंतोडा. ते तो साफ विसरला होता. रोजच्या पाण्याचा आकडा कुठून येतो ते आता कळलं.

त्याला त्या यंत्राचा असा संताप आला की ते दगडावर आपटायलाच त्यानं भिंतीवरून काढलं. इतके महिने तो मनाशी एकच धरून बसला होता, खोटं बोललं ते यंत्र, मी नाही. यंत्रामागच्या खोबणीत वर्तमानपत्राची घडी होती. आषाढात आकडा जुळवताना त्यानंच ती कोंबली होती. त्यानं ती उलगडली आणि पहिल्यांदाच वरची तारीख वाचली. अंक जव्हारला पोहोचायला तीन दिवस लागत. आकडा सोमवारचा होता, स्वच्छ हवेचा. खिळा त्यानं फिरवला होता गुरुवारी. गुरुवारची नोंद वहीत होती, 'पाऊस तीन इंच, सोसाट्याचा वारा.'

म्हणजे त्या गुरुवारी यंत्र खरंच वादळ सांगत होतं. त्यानं त्याची मान पिरगाळून उघाड म्हणायला लावलं होतं, आणि तिथून पुढं ते बिचारं प्रत्येक वादळाला उघाडच म्हणत राहिलं. पोरांना रोज फळ्यावर तारीख लिहायला लावणारा मास्तर, स्वतः तारीख बघायला विसरला. देवरामनं यंत्र फोडलं नाही. चिठ्ठ्या नखानं खरवडून काढल्या आणि ते पुन्हा खुंटीला अडकवलं.

एवढं कळूनही तो पोशीकडे गेला नाही, हे त्याच्या बाजूनं बोलणाऱ्यानंही लपवू नये. सांगितलं तर पोशी तुटेल. पाड्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पुढच्या आठवड्यात जाऊ, शिमग्यानंतर जाऊ. रोज रात्री तो राख पसरत होता, गोजाबाई उठायच्या आत झाडत होता, मग पाणी मोजून मिरचीला ओतत होता. आता ते वहीत शाईनं लिहीत होता.

माघात एका सकाळी अकरा सेंट निघाले. त्याला वाटलं मोजताना चुकलं. आठवड्यानं दहा झाले. शिमग्याला आठ. ओढा आटत चालला होता, आणि ओढ्याबरोबर ती. चैत्रात सहा, मग चार. राखेतली पावलं उथळ झाली, टाचा उमटेनाशा झाल्या. रात्री अंथरुणावर पडल्यावर देवराम उद्याच्या आकड्याला घाबरायचा. बहिणीतलं किती उरलंय, हे जगात त्याला एकट्याला ठाऊक होतं, तेही सेंटात.

वैशाखात दोन सेंट निघाले, त्या दिवशी त्यानं पोशीला बोलावणं धाडलं. लाडक्या भगताला आणि मंगळूलाही सांगितलं. पोशी पोरीला कडेवर घेऊन उन्हातून आली, घाबरलेली. सगळे अंगणात बसले. देवराम उभाच राहिला.

"त्या दिवशी ती जाणार नव्हती," तो म्हणाला. "आभाळ बघून थबकली होती. मला विचारलंन. मी काटा बघितला, उघाड आहे म्हणालो, बिनघोर जा म्हणालो. काटा मीच चुकवून ठेवला होता. ती हट्टी नव्हती. माझ्या शब्दावर गेली."

गोजाबाईनं तोंडाला पदर लावला. पोशीनं पोरीला हळूच तिच्या मांडीवर दिलं आणि ती देवरामसमोर येऊन उभी राहिली.

"आठ म्हयने मी माझ्या आयेला शिव्या दिल्या, मामा," ती म्हणाली. "हट्टी, खुळी, काय काय म्हनली. तू ऐकत हुतास."

"ऐकत होतो."

"शेजारी बसून ऐकत हुतास."

"हो."

ती त्याला मारेल असं मंगळूला वाटलं. मारलं असतं तर देवरामला बरंच वाटलं असतं. पण तिनं कोपऱ्यातलं मडकं उचलून त्याच्या हातात दिलं. "जा, हाकार तिला. तुझं न माझं मागनं बघू."

ओढ्यात गुडघाभर डबकं उरलं होतं, त्यावर पानं तरंगत होती. देवरामनं पानं बाजूला सारली आणि मडकं बुडवलं. एवढ्याशा पाण्यासमोर काय बोलायचं ते त्याला कळेना. मग तो लहानपणी बोलायचा तसं बोलला. "बाय, मी देवा. मी जा म्हणालो होतो. चुकलं माझं. आता ये. घरी ये."

मडकं खांद्यावर घेऊन तो वळला. "सुकरी, ये!" त्यानं जन्मात पहिल्यांदा तिला नावानं हाक मारली. ऊन डोक्यावर होतं. दहा पावलांवर त्याच्या मागं साचलेली सागाची पानं वाजली. ती पानं चुरचुरीत वाळलेली होती, आवाज मात्र ओल्या पायांचा आला. तो थांबला की आवाज थांबायचा. सगळा जन्म त्यानं बघण्यात आणि बघितलेलं लिहिण्यात घालवला होता, आणि आता मान वळवायची नव्हती. वाटेत दोनदा त्यानं डोळे मिटून घेतले. "सुकरी, ये! सुकरी, ये!" त्याचा घसा बसला तरी तो ओरडत राहिला.

पोशी उंबऱ्यात उभी होती. तो अंगणात शिरला तेव्हा तिचे डोळे त्याच्यावर होते. मग ते त्याच्या खांद्यावरून मागं गेले आणि तिथंच राहिले. तिचा चेहरा लहान पोरीचा झाला.

"आये," ती म्हणाली, "केवढी भिजलीस."

गोजाबाईनं तिकडं बघितलं, मंगळूनं बघितलं. त्यांना कुंपण दिसलं, उन्हात तापलेलं अंगण दिसलं. देवराम मडकं धरून तसाच उभा होता.

"पोशी, कशी आहे ती?" त्यानं विचारलं.

"बारीक झाली. लय बारीक."

"रागावली आहे?"

पोशीच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "तुझ्या पाठीवर हात ठेवलाय तिनं."

देवरामनं सगळं लक्ष पाठीवर एकवटलं. त्याला काहीच जाणवलं नाही. सदऱ्यावर ऊन लागत होतं, तेवढंच. त्याच्या गळ्यातून हुंदका फुटला आणि मडकं हिंदकळलं.

"ओत आता," भगत हळूच म्हणाला.

त्यानं परातीत पाणी ओतलं. मंगळूनं कोंबडी सोडली. ती दोन पावलं इकडंतिकडं फिरली, परातीपाशी आली आणि प्याली. एकदा प्याली, मान वर करून घोट गिळला, पुन्हा प्याली.

पोशीनं निघताना पोरीला गोजाबाईकडून घेतलं. देवराम कुंपणापर्यंत तिच्या मागून गेला. तिनं त्याच्याकडे न बघता सांगितलं, "मी येईन मामा. माझ्या आयेचं घर हाय. पन तुझ्याशी बोलाया मला येळ लागंल." देवरामनं मान डोलावली. ती ओढ्याच्या वाटेनं गेली आणि दिसेनाशी होईपर्यंत तो तिथंच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्यानं कुलूप उघडलं आणि नरसाळं उचललं. डबा कोरडा होता. त्यानं तो मापावर उपडा धरला, हलवला, आत बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. वहीत त्यानं लिहिलं, 'पाऊस शून्य.' गोजाबाईनं दारातून कोरडा डबा बघितला आणि सुटकेचा श्वास टाकला. "सुटली बाय," ती म्हणाली, "आन आपनबी."

देवरामनं वही मिटली. सहा महिने ती रोज सकाळी त्याच्या दारात येऊन गेली होती, आणि त्यानं तिला फक्त मोजलं होतं. आता ती घरात होती, सगळे म्हणत होते, पोशीनं डोळ्यांनी बघितली होती. त्याला एकट्याला ती आता कधीच दिसणार नव्हती, राखेतसुद्धा नाही. तो कुंपणाकडे गेला. वैशाखात सगळं अंगण करपून गेलं होतं, आणि ज्या रोपाला तो रोज मापातलं पाणी ओतत आला होता, ती मिरची तेवढी हिरवीगार उभी होती. देवराम तिच्याजवळ मातीत बसला आणि ऊन चढेपर्यंत उठला नाही.